कोरी घडी

शिवरे, ता. भोर
८ जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिस,
हनुमंतदादाचे अ. उ. आ.

निळं पत्र बघून तू म्हणशील, ह्याला झालं तरी काय. काय न्हाई झालं. तुमच्या वसतिगृहात मोबाईल चालत न्हाई, आन तिथल्या फोनवर बोलायचं म्हणजे पद्मजाताईंच्या टेबलापाशी उभं राहून आख्ख्या भोरला ऐकवायचं. तुमच्या रेक्टरबाईंना म्या वाईट म्हणत न्हाई, पन त्यांच्यासमोर खरं कोण बोलंल? म्हणून पोस्टात गेलो. तिथल्या बाबूंनी आंतरदेशीय पत्र धूळ झटकून दिलं आन विचारलं, पोरगी कुठली. म्या म्हणलं, बहीण हाय, तर बिचारे हिरमुसले.

सध्या हायवेला मांडववाल्याच्या टेम्पोवर हाय. खांब रोवायचे, कापड ताणायचं, लग्न लागलं की समदं उपटून पुढच्या गावाला. कालच्या लग्नात नवरदेवाच्या मामाला जांभळंच कापड पायजे होतं. आमच्यापाशी गुलाबी. मामा रुसून टेम्पोत जाऊन बसला, आन आमी त्याच्यासकट टेम्पो चालू करून निम्म्या वाटंवर आलो. हे लई मोठं हाय, भेटल्यावर सांगतो.

काय सांगत व्हतो? हां. सोमवारी चहाच्या टपरीवर पोरं मोबाईलवर काहीतरी बघत व्हती. कुठल्या तरी शाळेत एक पोरगी माईकवर बातम्या सांगतीया. वनखात्यानं पिंजरा लावला पन बिबट्या घावला न्हाई, असं म्हणती, आन लगेच शेळी वरडती. परत 'न्हाई', परत शेळी. तोंडावर शेळीचं चित्र चिकटवलंय, म्हणून वळखू येत न्हाई. पन 'बिबट्या' म्हणताना असा दम घेणारी पोरगी म्या आजवर एकच ऐकलीया.

स्नेहल, ती तू हायस का? दोन रविवार तू घरी आली न्हाईस. आई सांगत व्हती, पोरगी फोनवर 'बरं आहे' एवढंच म्हणती. 'बरं हाय' म्हणत न्हाई, त्यानंच आई भ्याली हाय.

उत्तर किकवीला कोंडिबा नर्सरीवाल्यांच्या पत्त्यावर टाक. पुढच्या हप्त्यात मी तिथं रोपं भरायला आसंन.

माझा जीव हितं टांगलाय, तो लौकर उतरवून घे.
तुझा,
हनुमंतदादा


भोर
१३ जानेवारी २०२५

ती. दादास,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पद्मजाताई जेवणाच्या वेळी टपाल वाटतात आणि नाव मोठ्यानं वाचतात. निळं पत्र म्हटल्यावर सगळ्या मुली बघायला आल्या. सहावीच्या एका मुलीनं तर हात लावून बघितलं, हे सरकारी आहे का म्हणून विचारलं.

आधी लिहिणार होते की ती मी नाही. तसं लिहून कागद फाडला. ती मीच आहे. डिसेंबरात परिपाठाला बातम्या वाचायची माझी पाळी होती. माझ्या वर्गातली वैदेही पुढं दुसऱ्या रांगेत होती, ओढणीखाली मोबाईल धरून. मला वाटलं तिच्या आईचा फोन आला असेल. ती गावातली आहे, घरून येते, तिचे बाबा मोठ्या कचेरीत आहेत. संध्याकाळपर्यंत ते दहावीतसुद्धा पोचलं होतं.

आता वर्गात मी उभी राहिले की मागून बें येतं. हजेरीला 'हजर' म्हटलं तरी येतं. मी मनात वाक्य आधी जुळवते, त्यात 'न्हाई' येणार नाही असं बघते, तोवर सर दुसरीला विचारतात. धनगराची, शेणाचा वास, असलं काय काय लिहून पाठवतात. मला मोबाईल नाही, तर दुसऱ्या मुली आणून दाखवतात. तुला कळावं म्हणून दाखवतो, म्हणतात.

तू म्हणशील, सांग. गेल्या वर्षी नूतननं सांगितलं होतं. ती पण आपल्या वेल्ह्याकडचीच, तिला जातीवरून बोलायचे. सरांनी तिच्या वडलांना बोलावलं. ते आले, ऐकून घेतलं, आणि त्याच एसटीनं तिला घरी घेऊन गेले. पत्र्याची पेटीसुद्धा नंतर मागवून घेतली. आता तिचं लग्न ठरलंय. म्हणून तुझ्या पाया पडते, आबांना काही कळू देऊ नकोस. आबा ओरडणार नाहीत, ते फक्त म्हणतील, पुरे झाली शाळा. मला दहावी इथंच करायची आहे.

ऑफिसच्या बाहेर तक्रारपेटी आहे, लाल. मुली तिच्यात चॉकलेटचे कागद टाकतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी परिपाठाला, शाळा समितीच्या लोकांसमोर ती उघडतात. ती रिकामी निघते. मग परिपाठ घेणारे सर सांगतात की आपल्या शाळेत एकही तक्रार नाही, आणि आम्ही टाळ्या वाजवतो. समितीत वैदेहीच्या आई आहेत.

माझी काळजी करू नकोस, आणि करशील तर एकट्यानंच कर.
तुझी,
स्नेहल


किकवी
१८ जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिस अ. उ. आ.

पत्र तीन येळा वाचलं. कोंडिबांनी विचारलं, कुणी गेलं का. म्या न्हाई म्हणलं, तरी त्यांनी मला दुपारी कामाला लावलं न्हाई. कोंडिबा भला माणूस हाय. त्यांच्यापाशी एक आंब्याचं कलम हाय, बारा वर्सं झाली, एक मोहोर न्हाई, तरी रोज त्याच्याशी बोलत्यात.

एक सांगू का? त्या पोरी बें करत्यात, म्हणजे त्यांना एवढंबी कळत न्हाई की आमी गवळी धनगर, आमच्या गोठ्यात म्हशी. शेळी आबांनी दारात उभी केली न्हाई कधी. चिडवायचं तर नीट चौकशी करून तरी चिडवावं. हसलीस का? हस थोडं.

आबांना सांगणार न्हाई. शप्पथ घातलीस न्हाई तरी पाळतो. पन गप बसून भागायचं न्हाई ग. गप बसलं की काय होतंय ते मला म्हाईत हाय, कसं म्हाईत ते इचारू नगंस.

तर म्या डोकं चालवलंय. त्या पेटीत तूच चिठ्ठी टाक, पन नाव घालू नगंस. डाव्या हातानं लिव, म्हंजे अक्षर वळखू येणार न्हाई. आन वहीचं पान फाडू नगंस. रेघा जुळवून मास्तर लोक वही काढत्यात, आमच्या येळंला एकाला असंच धरलं व्हतं, त्यानं तर नुसतं चित्र काढलं व्हतं मास्तरांचं, आन चित्र बी चांगलं व्हतं. त्यापरीस ह्याच पत्राची शेवटची घडी म्या आत-बाहेर कोरी ठेवलीया. ती कापून घे, त्याच्यावर लिव. ह्या कागदाला ना रेघ, ना वहीचं नाव. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई.

वैदेहीचं नाव लिवायचं तर लिव, न्हाई तर नुसतं काय घडलं ते लिव. पन लिव.

भ्यायलीस तरी लिव, आन लिवून झालं की मला कळव.
तुझा,
हनुमंतदादा


भोर
२४ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

दादा, आपलं चुकलं. दोघांचंही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. डाव्या हातानं लिहिलं, अक्षरं कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी आली. क्लिपचं लिहिलं, बेंचं लिहिलं, वैदेहीचं नाव लिहिलं. बुधवारी परिपाठ सुटल्यावर पेटीत टाकलं. टाकल्यावर इतकं हलकं वाटलं की वर्गात मी हात वर केला, किती दिवसांनी.

काल जेवताना पद्मजाताईंनी टपाल वाटलं. माझं नव्हतं. तेव्हा एक मुलगी हसत म्हणाली, आज स्नेहलचं निळं आलं नाही वाटतं. माझ्या हातातला घास तिथंच राहिला.

सगळ्या शाळेत निळा कागद फक्त माझ्याकडं येतो. अक्षर बदललं, वही बदलली, आणि रंग तसाच ठेवला. वैदेहीच्या आईंनीसुद्धा तो बघितलाय. संक्रांतीला त्या वसतिगृहात तिळगूळ द्यायला आल्या होत्या, तेव्हा तुझं पहिलं पत्र माझ्या उशाशी होतं. त्यांनी हातात घेऊन विचारलं, अजून अशी पत्रं कोण लिहितं, भाऊ का, किती गोड. घडी उघडली नाही त्यांनी. पण रंग विसरल्या नसतील.

आज दुपारी खेळाच्या तासाला पेटीपाशी गेले. किल्ली मुख्याध्यापिका नीरजा मॅडमकडं असते. फटीतून कंगव्याचा दांडा घातला, मग केसातला आकडा. कागद दिसत होता. टोक बोटात आलं, ओढलं, आणि ते टोकच फाटून हातात आलं. बाकीचा कागद आत पडला. तेवढ्यात शिपाई आले, म्हणून पळाले. तो निळा तुकडा कंपासपेटीत ठेवलाय. टाकायचा तर कुठं टाकू, कचऱ्यातसुद्धा तो निळाच दिसेल.

तीन फेब्रुवारीला पेटी उघडणार. कागद वर आला की आबांना बोलावणार. मग नूतनसारखं. आजारी पडावं म्हटलं तर ताप येत नाही, नुसती थंडी वाजते. स्वयंपाकाच्या धोंडाबाईंनी कपाळाला हात लावून सांगितलं की पोरी, तुला काय झालंय ते तुझ्या कपाळात नाही.

काही सुचलं तर कळव. नाही सुचलं तरी पत्र टाक. पण निळं नको.
तुझी,
स्नेहल


आंबवडे
२८ जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिस अ. उ. आ.

हा पिवळा कागद कोंडिबांच्या खताच्या पावतीबुकातला हाय, मागच्या बाजूनं लिवतोय.

तुझं पत्र वाचलं. म्या शहाणपणा केला तो असा. मांडवाचं काम आंबवड्याला हाय, पन दोन दिस तिकडं गेलोच न्हाई. काल भोरला आलो व्हतो. तुझ्या शाळेच्या गेटापाशी उभा राहिलो, साडेदहा ते साडेअकरा. आत येऊन मॅडमला सांगावं म्हणलं, चूक माझी हाय, पोरीला काय करू नगा. पाय उचलला न्हाई. वॉचमननं दोनदा इचारलं, काय काम हाय. म्या म्हणलं, पत्ता चुकलो.

ती शाळा माझीबी हाय, तू विसरलीस. आठवीपतुर म्या तितंच व्हतो, पोरांच्या वसतिगृहात. घरी सांगितलं की अभ्यासात मन लागत न्हाई. आबा आजबी चार माणसांत सांगत्यात, पोरगं भटकं हाय, त्याला शाळा मानवली न्हाई. तसं न्हाई ते. रोज माझ्या दप्तरात शेण घालायचे. तुमच्या घरचंच हाय, घेऊन जा, म्हणायचे. म्या कुणाला बोललो न्हाई. वर्सभर पुस्तकं धुतली, आन मंग एक दिस पळालो. तवापासनं पळतोयच. मांडव म्हण, नर्सरी म्हण.

आन आजून एक. टपरीवर ती क्लिप चालू व्हती तवा पयलं म्याबी हसलो. 'बिबट्या' ऐकल्यावर तोंड मिटलं, पन त्याआधी हसलो. हे लपवून तुला धीराच्या गोष्टी सांगत व्हतो.

आता काम ऐक. गेटावरनं सुटलो तो सरळ पोस्टात गेलो आन तिथं व्हती तेवढी निळी पत्रं घेतली. गठ्ठा भाजीच्या टेम्पोतनं धोंडाबाईंकडं धाडलाय, मेथीच्या जुडीखाली. एक तेवढं माझ्यापाशी ठिवलंय. वसतिगृहातल्या सगळ्या पोरींना वाट. त्यांना म्हण, घरी पत्र लिवा, भावानं फुकट धाडल्यात. सोमवारपतुर शाळेत जिकडं तिकडं निळं होऊ दे. मंग तुझं निळं कुणाचं, ते कुणी सांगावं?

हाबी शहाणपणाच असंल. पन माझ्यापाशी दुसरं काय न्हाई.

हसल्याची माफी आत्ता नगं देऊ, भेटल्यावर दे.
तुझा,
हनुमंतदादा


भोर
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

गठ्ठा पोचला. धोंडाबाईंनी मेथी निवडता निवडता माझ्याकडं सरकवला आणि कोणाला काही विचारलं नाही. मी वाटली. मुलींनी झडप घातली. शनिवारी सगळं वसतिगृह पत्रं लिहीत बसलं होतं, दोघी-तिघींना घरचा पत्ताच येत नव्हता. सहावीतल्यांनी होड्या केल्या. मला वाटलं, झालं, आता मी लपले.

काल सोमवार. मैदानावर ओळी, समोर खुर्च्यांवर समिती. वैदेहीच्या आई मधल्या खुर्चीवर. मी कंपासपेटी दोन्ही हातांनी धरली होती. नीरजा मॅडमनी कुलूप काढलं आणि पेटी टेबलावर उलटी केली. चॉकलेटचे कागद पडले, एक आकडा पडला, माझाच. आणि चार निळे कागद.

दादा, मी एकच टाकला होता.

मॅडमनी एकेक वाचला. एकीनं लिहिलं होतं, माझी आई शाळेत साफसफाई करते म्हणून मला फिनाईल म्हणतात. एकीनं लिहिलं होतं, जेवताना माझ्या ताटाशेजारी कोणी ताट ठेवत नाही, का ते सगळ्यांना माहीत आहे. तिसरा सगळ्यात छोटा होता. रविवारी घरी गेल्यावर मी शेळीची क्लिप पुढं नऊ जणांना पाठवली, ती मुलगी माझ्या शेजारच्या खाटेवर झोपते, मला तिच्याकडं बघवत नाही. माझ्या दोन्ही बाजूंच्या खाटा मला पाठ आहेत. पण मी मान वळवली नाही.

चौथा माझा. वैदेहीचं नाव आल्यावर मॅडम थांबल्या, मग वाचलंच त्यांनी.

वैदेहीच्या आई उठल्या. चिडल्या नाहीत, हळू बोलल्या. म्हणाल्या की हे निळे कागद सगळे वसतिगृहातले, एकाच हातचे असतील, आणि बिननावाचं पत्र कोणीही कोणाबद्दलही लिहू शकतं. माझा कागद उचलून म्हणाल्या की हा तर धड फाडलासुद्धा नाही, जिला नाव घालायची हिंमत नाही तिच्या फाटक्या कागदावरून कोणाच्या मुलीचं नाव खराब करायचं का. बाकीच्यांनी माना हलवल्या. मॅडमनी कागद गोळा करायला घेतले. आता सर नेहमीचं बोलतील आणि आम्ही टाळ्या वाजवू, असं मला दिसायला लागलं.

मी लपलेलीच होते, दादा. तुझी युक्ती चालली होती. नुसतं उभं राहायचं होतं.

मी ओळीतून बाहेर आले. टेबलापर्यंत किती पावलं होती ते आठवत नाही. कंपासपेटी उघडली, तो तुकडा काढला आणि कागदाच्या फाटक्या कोपऱ्याला लावला. बरोब्बर बसला. मॅडमनी माईक माझ्याकडं वळवला. मी जुळवून काहीच बोलले नाही. म्हटलं, हे म्या लिवलंय, माझं नाव स्नेहल ढेबे, आन ह्यातलं एक अक्षर खोटं न्हाई.

मागून एकदा बें आलं. दोघं-तिघं हसले. बाकीचे हसले नाहीत.

टाळ्या झाल्या नाहीत. मॅडमनी चारही कागद स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. वैदेही आज आली नाही. तिच्या मैत्रिणींनी माझ्या बाकावर खडूनं काय लिहिलं ते मी तुला सांगणार नाही, पुसलं मी. आणखी काय काय होईल त्याची भीती वाटते. पण खरी भीती वेगळीच आहे. बुधवारी, बारा तारखेला, आबांना बोलावलंय. तसं पत्र मॅडमनी घरी पाठवलंय, आणि ते तुला नाही तर वाडीतल्या दुसऱ्या कोणाला वाचून दाखवावं लागेल.

तू आधी घरी जा. माझं सांग, आणि दप्तराचं पण सांग. आबांना वाटतं, शाळेनं पोरं बिघडतात. त्यांना कळू दे, आपण का पळतो ते.

पळालास तर वेल्ह्याच्या दिशेनं पळ, एवढंच मागते.
तुझी,
स्नेहल


धनगरवाडा, वेल्हे
८ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहल हिस अ. उ. आ.

कोंडिबांनी तुझं पत्र हातात दिलं तसा निघालो, मांडववाल्याला सांगितलंबी न्हाई. आता तो मला परत ठेवायचा न्हाई. त्या नवरदेवाच्या मामाची गोष्ट राहिलीच सांगायची.

शाळंचं पत्र माझ्या आधी पोचलं व्हतं. आबांनी ते फडताळात देवाच्या मागं ठिवलं व्हतं, कुणाकडनं वाचून घेतलं न्हाई. सकाळी धारंच्या येळंला गोठ्यात जाऊन म्या समदं सांगितलं. आधी तुझं, मंग माझं. शेणाचं आलं तसं आबांचे हात थांबले. चंद्री म्हशीनं मान वळवून बघितलं, धार का थांबली म्हणून. मंग आबांनी उरलेली धार काढली, दूध आत दिलं आन टेकाडावर जाऊन बसले. आई रडली. मला वाटलं, संपलं, आता खाली आले की म्हणत्याल, पोरीची पेटी घेऊन ये.

दुपारी आले. भाकरी खाल्ली न्हाई. इचारलं, बुधवारी पयली एसटी कवा हाय, आन चेलाडी फाट्यावर भोरची गाडी लगेच गावती का. म्या भीत भीत इचारलं, तिला आणायला का. तर म्हणाले, तिला कशाला आणायचं, ती काय चुकली.

मंग जरा येळानं, माझ्याकडं न बघता, इचारलं की त्या पेटीत जुन्या सालाची तक्रार घेत्यात का.

ठिवलेलं एक निळं पत्र काढलंय. आबा सांगत्यात, म्या लिवतोय. उजव्या हातानं. शेवटची घडी कोरी ठिवली न्हाई, तिथं आबांचा अंगठा आन माझी सही हाय.

आमी दोघं येतोय. मला आजूनबी त्या गेटाचं भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू. तवा बुधवारी तू गेटाच्या आतल्या अंगाला येऊन उभी राहा, म्हंजे मला पत्ता चुकायचा न्हाई.

तुझा,
हनुमंतदादा